मुक्या संघाचा मास्तर

गिरणीच्या चाळीत गुरुलिंगबद्दल दोन मतं नव्हती. माणूस शिष्ट. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं हाक मारली तर मान वळवायची नाही, शेजारच्या सावित्रम्मानं दारातून 'जेवण झालं का' म्हणून विचारलं तर सरळ पुढं निघून जायचं, नळावर बायका कितीही भांडोत, हा आपली घागर भरून चालता. बायको वारल्यापासून तर तोंडाला कुलूपच. पानवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "खात्यात जॉबर, म्हंजी मुकादम, झाला तवापास्नं लई माजलाय गडी." चाळीचं एखाद्याबद्दल एकदा मत बनलं की ते बदलायला प्रत्यक्ष सोलापूरचा ग्रामदेव सिद्धरामेश्वर आला तरी त्याला दोन गोष्टी ऐकून परत जावं लागेल.

खरी गोष्ट एवढीच होती की गुरुलिंगला ऐकू येत नव्हतं.

मागखात्यात शेकडो माग एका छपराखाली धडधडत असतात. तिथं अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाचे कान शाबूत राहिले तरच नवल. आधी सायकलची घंटी गेली, मग देवळातली घंटा, मग माणसांचे आवाज. सगळं इतक्या सावकाश गेलं की नेमकं कधी गेलं हे त्यालाही सांगता आलं नसतं. बायको पार्वतम्मा होती तोवर ती समोर येऊन, हाताला धरून, खुणा करून बोलायची. रस्त्यात कुणी हाक मारली की नवऱ्याला कोपरानं ढोसायची आणि स्वतःच हसून उत्तर द्यायची. ती गेली, आणि गुरुलिंग एका रात्रीत शिष्ट झाला.

मग सांगून का टाकलं नाही? असं विचारणाऱ्यांनी एकदा बहिरं होऊन बघावं. आंधळ्याला लोक रस्ता ओलांडून देतात, लंगड्याला बसायला जागा देतात, बहिऱ्याची मात्र नक्कल करतात. लग्नाच्या मांडवात जेवणं झाली की बहिऱ्याचा किस्सा ठरलेला. गुरुलिंगनं स्वतःही तरुणपणी असे किस्से सांगून लोकांना हसवलं होतं, त्यामुळे पुढं काय वाढून ठेवलंय हे त्याला चांगलं माहीत होतं. लोक शिष्ट म्हणाले तर म्हणोत, हसायला नकोत, एवढं त्यानं मनाशी धरलं होतं.

त्याची एकुलती एक मुलगी शरणम्मा अक्कलकोटला दिलेली. तिथं तर आणखीच पंचाईत. घरची भाषा कानडी. खात्यात ओठ वाचायची सवय झाली ती मराठीची. कानडी त्यानं जन्मभर कानांनीच ऐकली होती, आणि कान गेल्यावर ती त्याला ओठांवर सापडेना. लहानपणापासूनची भाषा गेली आणि नोकरीची तेवढी राहिली. नातू मांडीवर बसून काहीबाही विचारायचा, हा आपला "हौदु, हौदु" म्हणत होकाराची मान डोलवायचा, की पोरगं टाळ्या पिटत हसायचं. शरणम्माच्या चेहऱ्यावरून त्याला कळायचं की आपण काहीतरी भलतंच कबूल केलं. हळूहळू अक्कलकोटच्या खेपा कमी झाल्या. शरणम्माला वाटलं, आई गेल्यावर अप्पाची माया आटली. तिनं तसं बोलूनही दाखवलं असेल, पण ते कानडीत.

असा हा माणूस जगात दोनच ठिकाणी बहिरा नव्हता. एक मागखातं, कारण तिथं सगळेच बहिरे. सुताची तार तुटली, साहेब येतोय, चहाला चल, त्याचं लग्न ठरलं, याची बायको माहेरी गेली, सगळं ओठांच्या हालचालीनं आणि हातांच्या खुणांनी बोललं जायचं. दोन मागांच्या रांगांपलीकडून एखाद्याची चहाडीसुद्धा व्यवस्थित करता यायची. आणि दुसरं ठिकाण म्हणजे गिरणीमागचं मैदान.

गुरुलिंग तरुणपणी गिरणीकडून फुटबॉल खेळला होता. पाय थकले तसा तो शिकवायला लागला. मैदान कसलं, मुरूम आणि बॉयलरची राख. पहिली पाळी सुटली की हा तिथं हजर. मागावरच्या फुटक्या लाकडी कांड्या पोत्यातून आणायच्या, मुरमात नागमोडी रोवायच्या आणि पोरांना एकेक करून त्यांच्यामधून चेंडू न्यायला लावायचा. चेंडूकडे बघायची बंदी. मास्तर टोकाला उभा राहून बोटं दाखवणार, आणि चेंडू पायात ठेवून पोरानं तितकीच बोटं उलट दाखवायची. ज्याची मान खाली गेली तो पुन्हा पहिल्यापासून. पहिले काही दिवस कांड्या सगळ्या आडव्या आणि पोरं रडकुंडीला. मग एक दिवस पायांना चेंडू कळायला लागायचा आणि डोळे मोकळे व्हायचे. तीन-तीन पोरांचे त्रिकोण करून चेंडू फिरवायचा, दिला की जागा सोडायची, जागा सोडली की समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. मास्तरचा तळवा पुढं ढकलला गेला की मागची चौघं एकदम पुढं सरकणार आणि समोरचे फॉरवर्ड ऑफसाइडमध्ये अडकणार. शिट्टी नाही, ओरडणं नाही. सगळे मागखात्यातलेच, तेव्हा कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही.

बाहेरचे संघ मात्र चक्रावून जायचे. अकरा माणसं खेळतायत आणि कुणी कुणाला हाक मारत नाही, हे बघून समोरच्यांना वाटायचं, हे आपसात भांडून आलेत. कळेपर्यंत दोन गोल झालेले असायचे. सोलापुरात त्यांना मुका संघ असंच नाव पडलं होतं.

सगळ्यात जड गेलं ते येडूला. येडू सांगोल्याकडचा धनगर, बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली म्हणून गिरणीत आलेला. अंगानं दांडगा, मागच्या फळीचा खांब. पण आवाज असा की माळाच्या या टोकाला हाक दिली तर त्या टोकाची मेंढरं वळावीत. चेंडू आला की तोंडातून हाळी आलीच. आपल्याला ती ऐकू येत नाही हे मास्तर सांगणार कसे? येडूचा उघडा जबडा दिसला की ते ओठांवर बोट ठेवायचे. येडूनं एकदा वैतागून विचारलं, "कुनी वरडल्याबिगर मानसानं वळायचं कसं, मास्तर?" मास्तरांनी त्याचे खांदे धरून त्याला फिरवलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पुढं येडू संघाचा कप्तान झाला.

सराव संपला की सगळे तिथंच बसायचे. गुरुलिंग मावळतीकडे पाठ करून बसायचा, म्हणजे पोरांच्या तोंडावर उजेड राहायचा. कुणी शेंगा आणलेल्या असायच्या. अर्धं ओठांनी, अर्धं हातांनी बोलणं चालायचं, आणि चाळीत महिनोन् महिने तोंड न उघडणारा हा माणूस तिथं खदखदून हसायचा. गोलकीपर नरसय्या साहेबांच्या चालण्याची नक्कल करायचा तेव्हा तर मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. दिवसभरात त्याला माणसांची सोबत मिळायची ती तेवढीच. अंधार पडून तोंडं दिसेनाशी झाली की तो उठायचा आणि कांड्यांचं पोतं खांद्यावर टाकून एकट्याच्या खोलीकडे निघायचा.

आणि नेमकी हीच संध्याकाळ हातची जायची वेळ आली.

नव्या लेबर ऑफिसरनं त्याला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. समोर खुर्ची देऊन, सावकाश बोलला, म्हणून शब्द न् शब्द कळला. "मास्तर, मॅनेजरसाहेबांना शिकलेला कोच हवाय. पतियाळ्याला ट्रेनिंग झालेला एक जण गावात येऊन राहिलाही आहे. तुम्ही खूप केलंत. आता आराम करा." गुरुलिंग उठला नाही. टेबलाची कड धरून बसून राहिला. ऑफिसरला काय वाटलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "बरं, असं करू. या वेळचा आंतरजिल्हा कप आणा. मग मी साहेबांपाशी शब्द टाकतो, की आहे तोच मास्तर राहू द्या."

पोरांना हे कळलं तेव्हा येडूनं छातीवर हात मारला आणि पोटाजवळ दोन्ही हातांनी कपाचा आकार करून दाखवला. त्यानंतर ते सगळे असे खेळले की फायनलपर्यंत कुणी त्यांना अडवूच शकलं नाही.

फायनल मिरजेच्या संघाशी. मैदानाला चांगली दगडी भिंत, आत शामियाना, खुर्च्या, पाहुणे. रेफरी पुण्याहून आणलेला, कडक. आता खेळ चालू असताना बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत असा नियम होता, आणि तो सोलापुरातल्या रेफरींनाही माहीत होता. पण हा माणूस ओरडत नाही, कुणाला शिव्या देत नाही, कडेला उभा राहून हातवारे करतो, तर करू दे बापडा, म्हणून सगळ्यांनी आजवर दुर्लक्ष केलेलं. पुण्याच्या रेफरीनं ते का करावं?

मध्यंतर होऊन गेलं. गोल कुणाचाच नव्हता. मिरजेवाले डावीकडून चढून येत होते आणि गुरुलिंगचे डोळे येडूवर खिळलेले. रेफरीनं शिट्टी मारली आणि गुरुलिंगकडे बघून ओरडला. गुरुलिंगनं तळवा पुढं ढकलला. रेफरी पुन्हा ओरडला. अख्ख्या मैदानानं माना वळवल्या. गुरुलिंगनं दुसऱ्या हातानं नरसय्याला मागं हो म्हणून खुणावलं. आता सांगा, रेफरीनं काय समजायचं? तो लालबुंद होऊन धावत आला आणि छातीला छाती लावून उभा राहिला, तेव्हा कुठं गुरुलिंगला कळलं की हे सगळं आपल्याशीच चाललं होतं. रेफरीचे ओठ भराभर हलत होते. 'उद्धट' एवढं त्याला वाचता आलं. मग बोट मागच्या दाराकडे गेलं.

एक वाक्य पुरलं असतं, 'साहेब, मला ऐकू येत नाही.' पण शामियान्यात लेबर ऑफिसर बसला होता, शेजारी मॅनेजर. बहिऱ्या कोचला कोण ठेवणार? गुरुलिंगनं टोपी सारखी केली आणि तो बाहेर गेला.

मागचं दार बंद झालं. बाहेर नुसता कच्चा रस्ता, गटार आणि भिंत, पुरुषभर उंच. गर्दी सगळी पुढच्या दाराला. दुसरा कुणी असता तर त्यानं आवाजावरून सगळा सामना पाहिला असता. कुणाचे ओरडले, किती ओरडले, यावरून आपल्याकडे लोक घरी बसून गोल सांगतात. गुरुलिंगनं भिंतीला तळवा लावला. खात्यात पायाच्या तळव्यांवरून त्याला कळायचं, कुठला माग बिघडला. भिंत मात्र दगडाची दगडच राहिली. आत त्याचं सगळं काही पणाला लागलं होतं आणि त्याच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. इतकं एकटं त्याला पार्वतम्माला शेवटचा निरोप देऊन परत येतानाही वाटलं नव्हतं.

तो थांबला. सावल्या लांबल्या. सामना संपायची वेळ होऊन गेली तरी कुणी येईना. मागच्या दाराशी राखणदार आला आणि कुलूप घालायला लागला. गुरुलिंगनं विचारलं, "काय झालं?" राखणदाराच्या मिशा ओठांवरून खाली आलेल्या, त्यात तोंडात तंबाखूचा बार. तो बराच वेळ काहीतरी सांगत होता. त्या मिशांमागून एक अक्षरही हाती लागलं नाही. गुरुलिंगनं मान हलवली, दुसरं करणार काय?

जिंकले असते तर पोरं नाचत आली असती, असा त्यानं हिशेब केला. आली नाहीत, म्हणजे हरले. तोंड दाखवायची लाज वाटत असेल त्यांना. आणि त्यांची पडलेली तोंडं बघायची हिंमत त्याच्यातही नव्हती. तो चालायला लागला.

आत काय झालं होतं, ते आता सांगायला हरकत नाही. येडूनंच गोल मारला होता. सामना जिंकला होता. पण पाहुण्यांचं भाषण! खेळात ज्यांनी जन्मात पाय टाकला नाही अशी माणसं खेळाडूंना उन्हात उभं करून जितका वेळ बोलतात, तितका वेळ हे पाहुणे बोलले. मग दुसऱ्या पाहुण्यांनी त्यांचे आभार मानले. कप हातात पडला तशी पोरं मास्तरांना शोधत सुटली आणि भिंतीला वळसा घालून मागच्या रस्त्याला आली. मास्तर लांब, पाठमोरे चाललेले. येडूनं तोंडापाशी हात नेले आणि आपली ती माळावरची हाळी दिली.

"मास्तर! ओ मास्तर! कप आणलाय!"

रस्त्यावरचं झाडून सगळं वळलं. टांग्याचं घोडं बिचकलं, दुकानातली माणसं पायरीवर आली. मास्तर वळले नाहीत. येडूनं पुन्हा हाळी दिली, मग सगळ्यांनी मिळून दिली. आयुष्यात पहिल्यांदाच मुका संघ बेंबीच्या देठापासून ओरडत होता, आणि मास्तर त्याच चालीनं चालत गल्लीत वळून दिसेनासे झाले.

येडू धावणार होता. नरसय्यानं त्याचा दंड धरला. "नको जाऊ. चिडलेत ते. त्यांच्या खुणांबिगर जिंकलो की आपण."

मला राग येतो तो इथं. खांद्यावर हात ठेवायला धावत जाऊन कितीसा वेळ लागला असता? आणि गुरुलिंगचाही येतो. ज्याला ऐकू येत नाही त्यानं तर दर पावलाला मागं वळून बघावं. पण पोरांचा मान दुखावला आणि मास्तरांना लाज वाटली, आणि रस्ता दोघांच्या मध्ये तसाच रिकामा राहिला.

दुसऱ्या दिवशी खात्यात शिरताच तेल घालणाऱ्या माणसानं गुरुलिंगला पाहिलं, दात दाखवले आणि पोटाजवळ कपाचा आकार केला. गुरुलिंग जागच्या जागी उभा राहिला. मग ज्या जॉबरनं कधी पाळीत आपली रांग सोडली नव्हती तो मागांमधून जवळजवळ पळत येडूकडे गेला. डोळे भरून आलेले. त्यानं कपाचा आकार केला आणि भुवया उंचावल्या. खरं?

येडूनं मान हलवली, पण वर बघितलं नाही. तुटलेली तार सांधून झाल्यावर तो बोलला. ओठ सावकाश हलले, मास्तरांनी शिकवले होते तसे.

"आमी लई हाका मारल्या. समद्यांनी. तुमी वळून बगितलं बी न्हाय."

येडूनं माग पुन्हा चालू केला.

"लेबरच्या साहेबांनी इचारलं, मास्तर कुटं हायत. आमी सांगितलं, रागावून गेले. ते म्हनले, मग जाऊ द्या त्यास्नी. आज सांच्याला नवा कोच यायलाय." आणि मग, नजर उचलून, "एवडा कसला राग, मास्तर?"

चाळ शिष्ट म्हणाली होती, ते त्यानं सोसलं. मुलीलाही तसंच वाटलं, तेही सोसलं. पण आता येडू तेच म्हणत होता. गुरुलिंगनं ठरवलं, बस. त्यानं कानाला बोट लावलं, तळवा आडवा हलवला आणि ओठांनी शब्द सुटे सुटे करून सांगितलं, मला ऐकू येत नाही.

पलीकडच्या मागावरून नरसय्याही बघत होता. मग दोघंही हसले. येडूनं चारी बाजूंना हात फिरवून शेकडो माग दाखवले.

"हितं कुनाला येतंय, मास्तर!"

मास्तर सगळं थट्टेवारी नेतायत, असं येडूला वाटलं. हसू लगेच विरलं. तेवढ्यात दुसऱ्या मागावरची तार तुटली आणि तो तिकडे वळला.

गुरुलिंग आपल्या जागेवर परत आला. पाळीभर त्यानं मनाशी घोकलं, बाहेर सांगू. तिथं माग नाहीत, तिथं पटेल. पाळी सुटली तसा तो सगळ्यांच्या आधी निघाला, खोलीवर जाऊन कांड्यांचं पोतं घेतलं आणि मैदानावर आला. पोरं पोचली होती. मध्ये एक तरुण माणूस उभा होता, नवा कोरा चेंडू काखेत, गळ्यात शिट्टी. पोरं त्याच्याभोवती अर्धगोल करून उभी, सगळ्यांच्या पाठी गुरुलिंगकडे. तो माणूस बोलत होता आणि पोरं मन लावून ऐकत होती.

गुरुलिंगनं पोतं खाली ठेवलं. हात वर करून उपयोग नव्हता, कुणी बघतच नव्हतं. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि कितीतरी वर्षांनी मोठ्यानं हाक मारली, "येडू!"

गळा ताणल्याचं त्याला कळलं. हाक बाहेर पडली की नाही, ते कळलं नाही. कुणी वळलं नाही. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग पोतं उचललं आणि तो खोलीकडे निघाला, आणि या वेळी मात्र दर थोड्या अंतरावर थांबून तो मागं वळून बघत होता.